सोळा आणे जमीन



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘काळी माती’ एवढंच कळवलं. निमंत्रणपत्रिकेत त्याचं ‘काळ्या आईची महती’ झालं. महती गाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि माझा गळा काही चांगला नाही. मृदा सर्वेक्षणाच्या नोकरीत शेतात पुरुषभर खड्डे घेऊन त्यांत उतरणं हे माझं काम होतं. तिथून ही माती जशी दिसली तसा तिचा स्वभाव सांगणार आहे. स्वभाव म्हटला की त्यात सगळंच कौतुकाचं नसतं.

सुरुवात महसुलाच्या दप्तरापासून करतो. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात आकारणीचा पहिला प्रयत्न प्रिंगल यांनी केला. तो इतका जड पडला की इंदापूरकडचे कुणबी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी त्याच तालुक्यात नव्याने काम सुरू केलं. त्यातून जी पद्धत बसली ती १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. जमिनीची प्रत ठरवायला त्यांनी मुख्यतः दोन गोष्टी घेतल्या : मातीचा रंग-पोत आणि तिची खोली. काळी, बारीक पोताची, एकजीव माती पावणेदोन हात खोल लागली की ती पहिल्या वर्गाची, सोळा आण्यांची. खोली उणावत गेली की आणे उतरत. त्याशिवाय दोषांची एक यादी होती. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी मुरू न देणं, वरून लोंढा वाहणं, असा एकेक दोष निघाला की जमीन एकेक वर्ग खाली सरके.

ही पद्धत निर्बुद्ध नव्हती. त्या काळी शेताला पाणी म्हणजे पावसाचंच. विहिरीवर मोट असलीच तर ती गावातल्या मोजक्यांकडे. पावसाचं पाणी जी जमीन जास्त दिवस धरून ठेवील ती जास्त पिकेल, आणि किती धरील हे खोलीवर अवलंबून. हिशेब बरोबर होता. पण पाणी धरण्याला सोळा आणे मिळाले आणि पाणी सोडण्याचा विचार दोषांच्या यादीतल्या एका ओळीत जाऊन बसला. नंतर कालवे आले, विहिरींवर विजेचे पंप आले, धरणं झाली, पीकपद्धत बदलली. आपल्या डोक्यातला तक्ता मात्र तोच राहिला. आजही सोयरीक जुळवताना ‘किती एकर भारी आहे?’ असंच विचारतात. गेल्या सव्वाशे वर्षांत दख्खनच्या काळ्या जमिनीचे जे हाल झाले, त्यांतले बरेचसे त्या एका ओळीकडे केलेल्या दुर्लक्षाचे आहेत, असं माझं म्हणणं आहे.

आता ही माती आली कुठून ते पाहू. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की तो हजाराच्या आत येतो, आणि फलटणला पाचशेच्या घरात. हे अंतर नकाशावर शंभर किलोमीटरही भरत नाही. वर आणि खाली खडक एकच : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. पण महाबळेश्वरच्या माथ्यावर त्याचा जांभा झाला आणि खाली कृष्णेच्या खोऱ्यात काळी माती. वरच्या पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, त्याचा तांबडा जांभा. खाली धुऊन न्यायला तेवढं पाणीच नाही. चुना, मॅग्नेशियम, सिलिका तिथेच राहिले आणि त्यांच्या सान्निध्यात एक विशिष्ट चिकणमाती टिकली. तिचं शास्त्रीय नाव स्मेक्टाइट. आज माझ्या बोलण्यातलं मुख्य पात्र तेच आहे.

मग फलटणच्या पाचशे मिलिमीटर पावसात आजही पाषाणापासून अशी माती तयार होते आहे का? फारशी नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोतले डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या अभ्यासातून पुढे आलेलं चित्र असं की ही चिकणमाती बरीचशी जुन्या, अधिक पावसाच्या काळात उंचावरच्या खडकावर तयार झाली, पाण्याबरोबर वाहून सखलात साचली, आणि नंतर हवामान कोरडं होत गेल्यावर तिच्यात चुना साका धरू लागला. भारी जमिनीच्या खड्ड्यात खालच्या थराला चुनखडीचे खडे लागतात ते त्याच कोरड्या काळाचे. थोडक्यात, आपण ज्याला सोळा आणे म्हणतो ते वारशाचं धन आहे. चालू उत्पन्न जवळजवळ नाही.

याच मंडळींनी घाटमाथ्यावरचंही एक कोडं सोडवलं. तिथल्या मुसळधार पावसातही काही ठिकाणी काळी माती सापडते. ती का टिकली? अजिंठा-वेरूळला फेरीवाले पांढरे, गुलाबी स्फटिक विकतात ते आपण पाहिले असतील. ती झिओलाइट कुळातली खनिजं. पाषाणातल्या पोकळ्यांत ती भरलेली असतात. त्यांतली काही विरघळताना चुना सोडत राहतात, आणि तो पुरवठा चालू आहे तोवर भरपूर पावसातही स्मेक्टाइट तग धरतो. पर्यटक ज्याला शोभेची वस्तू म्हणून घरी नेतात ते मातीची राखण करणारं खनिज आहे, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

दख्खनचा देखावा पायऱ्यांचा. सपाट माथ्याचे डोंगर, त्यांच्या कुशीला माळ, खाली रुंद उथळ दरी आणि मधोमध नदी किंवा ओढा. एका गावाच्या शिवारात माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत गेलात तर माती पायाखाली बदलत जाते. माथ्यावर बरड, वीतभर माती आणि खाली मुरूम. उतारावर मध्यम, हात-दीड हात. ओढ्याकाठी भारी काळी, कित्येक ठिकाणी दोन पुरुष खोल. शेतकऱ्याने या उताराप्रमाणे वर्ष वाटून घेतलं होतं. माळावर खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा. सखलात रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा. पावसाळ्यात दहा मिलिमीटरची एक सर आली तर मुरमाडावरच्या बाजरीला जीवदान मिळतं. तीच सर भारी जमिनीत वरच्या चार बोटांत अडकते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जाते. ज्याच्याकडे दोन्ही जमिनी तो खरा सुखी. पण तक्त्यात अशा जोडीला आणे नव्हते.

आता स्मेक्टाइटकडे येऊ. भारी काळ्या मातीत निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा असतो आणि तिच्यात स्मेक्टाइटचं वर्चस्व. तो अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा बनलेला. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे पापुद्रे उलगडून मांडले तर सात-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. पांढऱ्या केओलिनची तेवढीच माती दहा-वीस चौरस मीटरांत संपते. पाणी या पापुद्र्यांच्या मधल्या फटींत शिरतं, पापुद्रे दूर सरकतात, माती फुगते. पाणी गेलं की आवळते. बाकी सगळी कथा या फुगण्या-आवळण्याची आहे.

फाल्गुन-चैत्रात रान उललेलं असतं. चार-चार बोटं रुंद भेगा, काठी घातली तर हातभर नव्हे, दोन हात आत जाते. वरची माती उन्हाने भुसभुशीत, रवाळ होऊन त्या भेगांत पडते. मृगाचा पाऊस आला की तळ फुगायला लागतो, पण आता तिथे वरून आलेली माती बसलेली. जागा पुरत नाही. मग खालची माती आजूबाजूला आणि वर रेटा देते. ढेकळं एकमेकांवर घासून तिरके, गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग तयार होतात. खड्ड्यात उतरून सुरीने एखादं ढेकूळ सोडवलं तर ते तेल लावल्यासारखं चमकतं. जगभरातल्या मृदाशास्त्रज्ञांनी भेगा आणि हे चकचकीत पृष्ठभाग ओळखचिन्ह मानून या मातीचा स्वतंत्र गणच केला आहे, व्हर्टिसॉल. ऑस्ट्रेलिया, भारत आणि सुदान या तीन देशांत ती सर्वांत जास्त. सुदानच्या गेझिरा भागातही कालव्यावर कापूस घेतला तो याच मातीत.

रंगाबद्दल एक गैरसमज. काळा रंग पाहून लोकांना वाटतं, सेंद्रिय द्रव्य भरपूर असणार. प्रत्यक्षात आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत, कित्येक शेतांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आहे तेवढं चिकणमातीशी इतकं घट्ट जखडलेलं असतं की थोडक्यातच गडद रंग चढतो. नत्र कमी, स्फुरद आहे ते चुन्याने बांधलेलं, जस्ताची वानवा, सामू आठच्या पुढे. चुनखड जमिनीत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो तो लोह असूनही मुळांना घेता येत नाही म्हणून. पालाश तेवढा मुबलक. म्हणजे ही कोठी खताची नव्हे, पाण्याची. मीटरभर खोल भारी काळी माती पिकाला वापरता येईल असं सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी साठवते. सोलापूरच्या रब्बीचं सगळं गणित त्या दोनशे मिलिमीटरवर उभं आहे.

ते गणित एकदा नीट पाहण्यासारखं आहे. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, तण आलं की कुळवायचं. उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तिफणीने ज्वारी पेरायची. त्यानंतर पाऊस आला तर बोनस. नाही आला तरी चार महिने पीक साठवलेल्या पाण्यावर जगतं. थंडीत माती आवळू लागली की तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आठवड्याला कोळपणी. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने, खास भेगा बुजवायला, कारण भेग उघडी राहिली की दोन हात खालचं पाणी वाऱ्याला मिळतं. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये आणि सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी, त्यांत कानिटकरांचं नाव आधी घेतलं पाहिजे, यातलं बरंचसं मोजून-मापून शिफारशींत बसवलं. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी याच मातीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे; माझ्या मते त्या मानांकनात निम्मा वाटा खालच्या मातीचा आहे.

ही झाली जमा. आता नावे बाजू.

कोरड्या काळ्या मातीवर पाणी पडलं की भेगांतून ते झपाट्याने आत जातं. हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या शेतावर, पहिल्या अर्ध्या तासात ताशी सुमारे पंचाहत्तर मिलिमीटर एवढा वेग मोजला गेला. माती फुगली, भेगा मिटल्या की वेग कोसळतो. सहा दिवसांनी तो ताशी पाव मिलिमीटरच्या आसपास उरतो. म्हणजे वर डबकं दिसत असताना खाली पाणी जवळजवळ जातच नाही. मुळांना हवा मिळत नाही, औत आत जात नाही, वापसा येईपर्यंत आठ-आठ दिवस थांबावं लागतं. आणि वापशाचे दिवस तरी किती? तीन-चार. ते हुकले की ढेकूळ दगडासारखं. भरपूर पावसाच्या पट्ट्यातही भारी जमीन खरिपात पड ठेवायची चाल होती ती आळसापोटी नव्हे. जूनमध्ये पेरलं तर जुलैत तण काढायला त्या रानात पाऊलच टाकता येत नसे.

जाता जाता घरांबद्दल. आपली जुनी गावं काळ्यावर नाहीत. ती पांढरीवर आहेत. भिंतीला, माळवदाला, गढीच्या बुरुजाला पांढरी माती वापरली. काळी फुगते हे माहीत असल्यामुळे कुणी तिला घराजवळ फिरकू दिलं नाही. आता शहरालगतच्या काळ्या रानात बिगरशेती प्लॉट पडतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींना तिरक्या भेगा जातात. रुरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंध्याचे खांब सुचवले. मुंबई आयआयटीचे प्रा. कट्टी यांनी काळ्यावर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याचं तंत्र बसवलं. कालव्यांच्या अस्तराला त्याचा उपयोग झाला. हे कंत्राटदाराला माहीत असतं. प्लॉट घेणाऱ्याला मात्र बहुधा ते भिंत तडकल्यावर कळतं.

आता मूळ मुद्दा. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. हेतू दुष्काळनिवारणाचा, ज्वारी-बाजरीला आधाराचं पाणी मिळावं. झालं असं की पाणी उसाकडे गेलं, आणि ऊस लावला गेला तो सोळा आण्यांच्या जमिनीत. साहजिकच होतं, तक्ता तेच सांगत होता. दोनशे मिलिमीटरवर चार महिने पीक जगवणाऱ्या मातीला वर्षभर दर आठ-दहा दिवसांनी पाणी मिळू लागलं. खाली जायला वाट नाही, आणि सखलात असल्यामुळे वरच्या शेतांचा पाझरही तिथेच. भूजल वर येत गेलं. ते मुळांशी भिडलं की जमीन चिबड. केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागी येऊन उडायला लागलं की मीठ मागे राहतं, मग ती खारवट. मिठातलं सोडियम चिकणमातीला चिकटलं की कण सुटे होऊन माती लापशीगत होते, वाळल्यावर फरशी, ती चोपण. वीस वर्षांत कालव्याकाठी हे इतकं दिसू लागलं की १९०३ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली. ऊस ठरावीक क्षेत्रातच, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि पाण्याची बांधलेली पाळी. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. निदान शंभर वर्षांपूर्वीच झालेलं आहे. तरीही प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांवर तेच घडलं, आणि पुढे उपसा सिंचनाने कृष्णाकाठी, वाळवा, पलूस, शिरोळकडेही.

पण सगळा दोष कालव्याच्या माथी मारून सुटका होत नाही. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात कालवा नसतानाही जमीन बिघडलेली आहे. तिथे काम हवामानाने केलं. कोरड्या हवेत मातीतला चुना साका धरून बाजूला पडतो, चिकणमातीवर त्याची जागा सोडियम आणि मॅग्नेशियम घेतात, आणि माती पाणी मुरू देईनाशी होते. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे ओलिताची सोय नाही. पावसाचं पाणी वरून वाहून जातं. दिसायला जमीन काळी, खोल, एकजीव. विंगेटच्या माणसांनी वरवर पाहिलं असतं तर सोळा आणेच लावले असते.

फळबागांनी हा तक्ता उलटाच केला. वरुड, मोर्शी, काटोलच्या संत्रा बागायतदारांना विचारा. भारी, निचरा नसलेल्या काळ्यात झाड दहा-बारा वर्षांत डिंक्या रोगाने झुरतं. मध्यम खोलीच्या, खाली मुरूम असलेल्या जमिनीत तेच झाड दीर्घकाळ फळ देतं. सांगोल्यात डाळिंब वाढलं ते माळावर. वीतभर मुरमाड, जिला आकारणीत तळाचे आणे मिळाले, तिथे ठिबकने हवं तेवढंच पाणी देता आलं आणि जादा पाणी मुरमातून निघून गेलं. सांगोल्याच्या माळाला आणि ओढ्याकाठच्या चिबड मळीला आज कोण काय भाव देतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता विदर्भ-मराठवाड्यात भारी जमिनीत खरिपाचं सोयाबीन आहे. पूर्वीच्या पडीची जागा कित्येक ठिकाणी त्याने घेतली. उभ्या पिकात पाणी साचू नये, ते सरीतून निघून जावं यासाठी इक्रिसॅटने रुंद वरंब्याची पद्धत बसवली होती. आपल्याकडे ती बीबीएफ यंत्राने पेरणी म्हणून पोहोचली. यंत्र चांगलं आहे. मात्र सरीतलं पाणी शेताच्या कडेला आलं की पुढे जायला चर लागतो, आणि बहुतेक शिवारांत तो चर बुजवून त्यावरून बांध सरकलेला असतो.

निचऱ्याची अडचण खरं तर इथेच आहे. ओलिताचं पाणी एकट्याला आपल्या शेतात आणता येतं. पाइपलाइन टाकली, पंप बसवला, झालं. जादा पाणी बाहेर काढायचं तर ते शेजाऱ्याच्या रानातून, त्याच्या शेजाऱ्याच्या रानातून, ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. कृष्णाकाठी आता मीटर-सव्वामीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात. जिथे तो गटाने झाला तिथे चोपणात पुन्हा ऊस उभा राहिला. एकट्याने केला तिथे पाइपाचं तोंड बांधाशी येऊन थांबलं. नुसतं जिप्सम टाकणाऱ्यांचे पैसे वाया जातात, कारण जिप्समने सुटलेलं सोडियम वाहून न्यायला वाट लागते. पाणीवाटपाला संस्था आहेत, पाळीपत्रकं आहेत, त्यांवरून भांडणंही आहेत. गावाचा निचरा कुणाच्या खात्यावर येतो, हे मात्र मला कुठल्याही दप्तरात स्पष्ट लिहिलेलं आढळलं नाही.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखला आहे. आपापल्या जमिनीबद्दल विचारताना एकच विनंती : ती किती हात खोल आहे हे नंतर सांगा, आधी तिच्या तळाला मुरूम आहे की चुनखड, आणि पाणी कुणाच्या शेतातून बाहेर जातं, ते सांगा.